नवरीच्या बापाचं पिस्तूल

३ एप्रिल १९५१, औरंगाबाद

आज पुन्हा ह्यांचं पिस्तूल! सरूच्या लग्नाला महिना राहिला. घरात हळद दळायची पडलीय, आणि नवरीचा बाप आरशापुढं उभा राहून कमरेला कोणता पट्टा शोभतो ते बघतोय. लग्नात पिस्तूल कमरेला पाहिजेच म्हणे. मी म्हटलं, व्याह्यांना सून पाहिजे, फौजदार नको. हसले नाहीत.

५ एप्रिल

ह्यांचे चुलतभाऊ त्रिंबक भावजी कचेरीत कारकून. ते सांगून गेले, निजामाच्या वेळचा कागद आता चालायचा नाय, नवा कायदा लागलाय. परवान्याशिवाय पिस्तूल घरात ठेवणंसुद्धा गुन्हा, मग कमरेला लावून मिरवणं तर लांबच! ह्यांनी लगेच अर्ज लिहायला घेतला. मी डोकावले तर हातानं झाकला — शाळेतल्या पोरासारखा!

६ एप्रिल

पाहुण्यांपुढं काडतुसांचा डबा खुळखुळवून दाखवला. रुबाब लई! मधूनच माझ्याकडं तिरकं बघत होते. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. डब्यात चिंचोके आहेत. मीच भरलेत, अडीच वर्षं झाली.

९ एप्रिल

हसणं अंगाशी आलं. भावजी म्हणतात, गुरुवारी साहेबापुढं पिस्तूल आणि काडतुसं दोन्ही ठेवायची. म्हणजे भर कचेरीत ह्यांच्या हातून चिंचोके सांडणार! माणसाची अब्रू जाईल, आणि ती माझ्यामुळं. सांगू कसं?

रझाकारांच्या धामधुमीत आम्ही वैजापूरकडं शेतावर होतो. एका दुपारी ह्यांनी तीन काडतुसं तळहातावर घेतली. "एक सरूला, एक तुला, एक मला. ते दारात आले तर." आवाज चढला नाही. सरू अंगणात सागरगोटे खेळत होती. हे अंघोळीला गेले तशी सगळी काडतुसं मी विहिरीत टाकली, डब्यात चिंचोके भरले. चार दिवसांनी कुणीतरी दार धाडधाड बडवलं. बघते तर आमचा सालगडी भिकन — निजाम शरण आला म्हणून सांगायला पळत आलेला! आनंदात तो विषय मागंच पडला. पुन्हा कुणी काढला नाही.

१२ एप्रिल

सकाळी सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ह्यांनी फेटा नीट बसला का तेच विचारलं. डबा काखेत मारून गेले.

संध्याकाळी आले ते मिशीला पीळ देत. परवाना मिळाला! पण फक्त हैदराबाद राज्यापुरता. आणि लग्न कोपरगावला, मुंबई राज्यात! तिथं नेलं तर व्याह्यांच्या आधी पोलीस भेटतील. नवा पट्टा खुंटीला गेला. मी पोट धरून हसले. चिंचोक्यांचं विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

१३ एप्रिल

ह्यांच्या कोटात अर्जाची नक्कल सापडली. अक्षर ह्यांचं, तारीख ५ एप्रिल. काडतुसं किती? — "एकही नाही."

नक्कल पुढं धरली. हे फेट्याची घडी घालत होते. हात थांबला. "भिकन दार बडवत आला ना, तवा मी आत डबा उघडला व्हता."

सरूनं जेवायला हाक मारली.