ओठातले चार दाणे

७ जानेवारी
आज माइकवरच जीभ टाळूला चिकटली. फलाट सहावरची गाडी सांगत होते, अर्ध्या वाक्यात आवाज अडकला. सगळ्या बसस्टँडला माझ्या तोंडाची चिकट चटचट ऐकू गेली. साहेब आत येऊन म्हणाले, पाणी पीत जा. पाणी! बाटली मांडीवरच असते माझ्या.

११ जानेवारी
नेहमीच्या डॉक्टरांचं पुन्हा तेच — मनावर घेतलंय, बाळाचं दुःख आत साचलंय. झोपेची गोळी दिली. दोन वर्षं झाली बाळाला जाऊन. डोळ्यांत सारखी वाळू खुपते, पण पाणी म्हणून येत नाही. आणि सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "पोटचं गेलं, पण हिच्या डोळ्यांत टिपूस नाही."
मी दाराआडच होते.

१९ जानेवारी
दाढ मोडली. साधा मऊ पाव खाताना! दातांच्या डॉक्टरीणबाई आरसा घालून बराच वेळ बघत बसल्या. हिरड्यांलगत सगळे दात किडलेत म्हणे. जिभेखाली कापसाचा बोळा ठेवला, थोड्या वेळानं काढला — कोरडा. म्हणाल्या, हे दुखणं दातांचं नाही, मोठ्या दवाखान्यात जाऊन ओठाचा तुकडा तपासून घ्या.
घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, आता ओठ कापायचं खूळ. नवरा उठून बाहेरच्या खोलीत गेला. बाळ गेल्यापासून तो तिथेच झोपतो. त्याला मी बघवत नसेन.

२ फेब्रुवारी
एकटीच गेले. खालचा ओठ उलटा करून आत सुई टोचली, मग छोटीशी चीर. दुखलं नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी बाटली दाखवली. तळाशी मोहरीएवढे चार दाणे. या लाळेच्या ग्रंथी, म्हणाल्या. बधिर ओठानं कसंबसं विचारलं, एवढ्याशावरून काय कळणार?
"शितावरून भाताची परीक्षा," त्या म्हणाल्या, आणि टाका घातला.

३ फेब्रुवारी
ओठ टम्म. रजा.

१० फेब्रुवारी
काहीतरी निघू दे, एवढंच मागते आहे. आजार मागणारी बाई! पण काहीच निघालं नाही, तर मी खरंच वेडी ठरेन. मग कुणाला तोंड दाखवू?

१६ फेब्रुवारी
निघालं.
अंगातल्या रक्षक पेशीच त्या ग्रंथींभोवती घोळका करून त्यांना खाताहेत. नुसतं तोंड नाही — डोळे, सांधे, हा थकवा, सगळं त्यातलंच. आजाराला कुणा डॉक्टरचं नाव आहे. उच्चारायलासुद्धा थुंकी लागते! रक्तातही खूण सापडली. क्षणभर नाचावंसं वाटलं. मी वेडी नाही.
मग त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवरची बाळाची नोंद बघून हळूच विचारलं, "बाळाच्या हृदयाचे ठोके मंद झाले होते का?"
हो म्हटलं. सहाव्या महिन्यात पोटातच मंद होत गेले, मग थांबले. कुणीच कधी कारण सांगितलं नव्हतं.
त्या म्हणाल्या, या आजारात आईच्या रक्तातलं काहीतरी नाळेतून जाऊन बाळाच्या हृदयाला धक्का देऊ शकतं. तसंच झालं असावं. यात तुमची चूक नाही. पुढच्या वेळी औषधं देता येतील, लक्ष ठेवता येईल. आणखीही बोलत होत्या. मला ऐकू आलं ते एवढंच — माझ्याच रक्तानं.
घरी येऊन पडून राहिले. रडायचं होतं. डोळे नुसते जळाले.

१८ फेब्रुवारी
सगळ्या गाड्या वेळेवर सांगितल्या. कुणासाठी जगायचं, कळत नाही.

२१ फेब्रुवारी
आज नवऱ्याला सांगून टाकलं. तो भांडी विसळत होता. सगळं ऐकून घेतलं, नळ बंद केला.
"म्हणजे, मी स्कूटर खड्ड्यात घातली होती, त्यानं बाळ गेलं नव्हतं?"
कुठला खड्डा, मला आठवेचना. मग आठवलं. बाजारातून येताना, मी मागे बसलेली. एक हिसका, बस.
नाही रे, म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तो तिथेच ओट्याशी खाली बसला, ओल्या हातांनी तोंड झाकून.