राई नागांच्या नावे

"नाही देणार," असे शेखरनला सांगून मी दार लावले आणि कागद पुढे ओढला.

मी, पुत्तन्वीट्टिल कुंजुलक्ष्मी अम्मा, वय एक्याऐंशी. डोळे अधू, बुद्धी शाबूत. या लिहिण्यात कोणाची बळजबरी नाही. शेखरन बाहेरून दार वाजवतो आहे, पण ते मी लिहू नये म्हणून.

घर आणि नारळाची बाग माझ्या बहिणीच्या या मुलाला, शेखरनला. तो वाईट नाही. त्याला घाई असते.

सूक्ष्मदर्शक गावातल्या मुलींच्या शाळेला. तो कपाटात ठेवायचा नाही.

भिंग माझ्याबरोबर जाळावे. ते माझ्या अम्मामनने, आईच्या भावाने, सिंगापूरहून आणले होते. पहिल्या दिवशी ते घेऊन मी घरामागच्या नागांच्या राईत बकुळीखाली पालथी पडले, तेव्हा आई ओरडली होती, "लग्नाची पोर तू, की पाल?" ओल्या पानांचा तो वास अजून येतो. त्याच पानांत मला नखाएवढा बेडूक सापडला. त्याची पिल्ले अंड्यातून थेट बेडूक होऊनच निघतात, पाण्यात उतरत नाहीत. असे कोणी पाहिले नव्हते. मी तो मद्रासच्या संग्रहालयातल्या साहेबाला पाठवला, त्याने त्याला आपल्या बायकोचे नाव दिले. तिला बेडकांची किळस होती. त्या साहेबाला मी काहीही ठेवत नाही.

आता राई. उद्या सकाळी नंबूदिरी पुरोहित येऊन तिथल्या नागांना विधीने उठवून आपल्या देवळात नेणार. नाग असेपर्यंत मजूर झाडांना हात लावत नाहीत. ते गेले की शेखरन झाडे तोडून रबर लावेल. विधीसाठी घरातल्या थोरल्या बाईने दिवा पुरोहिताच्या हातात द्यावा लागतो. ती मी.

शेखरन म्हणाला, "वलियम्मा, साप दूध पीत नाही हे तूच मला शिकवलंस. देव नाही, काही नाही. मग अडलं कुठं?"

"बेडूक राहतात तिथं."

"जमिनीच्या कागदावर बेडूक आहेत का तुझे?"

मी पालघाटच्या वकिलाला विचारले. तो म्हणाला, "अम्मा, देव जमिनीचा मालक होऊ शकतो. बेडूक नाही."

म्हणून ती राई, पाषाण, झाडे, पाचोळा यांसह, मी नागदेवतांच्या मालकीची करून ठेवते. माझा त्यांच्यावर विश्वास नाही, तो या कामी लागतही नाही. देखरेख चिरुता पुल्लुवत्तीने करावी. मी पानांत डोके घालून असायचे, ती मडक्याला ताणलेली तार छेडत नागांची गाणी म्हणायची. आम्ही दोघी तिथेच म्हाताऱ्या झालो. तिला हे काल सांगितले तर हसत सुटली. "आयुष्यभर त्यांना दूध दिलं नाहीस, आणि आता एकदम जमीनच?"

राईतला पाचोळा झाडू नये. पडलेले लाकूड उचलू नये. मला बागेत जाळावे, राईत नाही; धूर होतो.

मी हयात असेपर्यंत तो दिवा देणार नाही. माझ्यानंतरची थोरली बाईही, मालक नाग असताना, देऊ शकणार नाही.

सही: कुंजुलक्ष्मी अम्मा
साक्षीदार: वर्गीस मास्तर; मोईदीनकुट्टी, पोस्टमन
चेर्पुळश्शेरी, २३ सप्टेंबर १९७१

ता. २४. नंबूदिरी सकाळी आले. अम्मांनी दिवा दिला नाही, हा कागद दिला. तो वाचून ते म्हणाले, "ज्यांची जागा होणार, त्यांनाच मी कसं उठवू?" शहाळे प्यायले आणि बसने परत गेले. शेखरनने राई तोडायला बोलावलेल्या मजुरांना नारळ उतरवायला लावले.
— वर्गीस