लंबू लवकर सुटतो

१९ ऑगस्ट, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आम्ही मामा-भाचे दोघंही खुशाल आहोत.

फोन सोडून पत्र कसलं लिहितोय, असं म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. शिवाय उचलल्या उचलल्या तुझा पहिला प्रश्न असतो, “भुंगा कुठाय?” पत्रात निदान तुला शेवटपर्यंत माझंच ऐकावं लागेल. आमचे मालिशवाले काका उद्या सकाळी परत निघतायत, त्यांच्या हाती देतो.

खोली छान आहे. दोन पलंग, मध्ये एक टेबल, आणि खिडकीतून दिसतं ते समोरच्या इमारतीतल्या खेळाडूंचं वाळत घातलेलं धुणं. जगातल्या सगळ्या रंगांच्या चड्ड्या बघून झाल्या. जेवणही चांगलं, हवं तेवढं घ्यायचं. तुझा मुलगा इतकं घेतो की वाढणारी बाई त्याला लांबूनच ओळखते. मला ती अजून ओळखत नाही.

तो मजेत आहे. लहानपणी रांगताना गुणगुणायचा म्हणून आपण त्याला भुंगा म्हणायला लागलो, ते अजून चालूच आहे. दात घासतानासुद्धा गुणगुणतो. सकाळी तो पलंगावरून उडी मारून उठतो. मी भिंतीला धरून उठतो. मग तो म्हणतो, “मामा, हात देऊ का?” अगदी प्रेमाने म्हणतो. त्या वेळी त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

काल आमची पहिली फेरी झाली ती तू टीव्हीवर पाहिलीच असशील. चौघांच्या रिलेत तिसरा टप्पा, म्हणजे शेवटचं वळण, नेहमीसारखा माझा होता. बॅटन मी लंबूच्या हातात नीट दिलं, लंबूने ते शेवटपर्यंत नेलं आणि आपण जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत पोचलो. एवढं मोठं काम आपल्याकडे अजून कुणी केलं नव्हतं. रात्री मला आनंदाने गाढ झोप लागली. हे मुद्दाम सांगतोय, कारण आज रात्री लागेल असं वाटत नाही.

आज नाश्त्याला सरांनी सांगितलं की उद्या अंतिम शर्यतीत तिसऱ्या टप्प्यावर माझ्याऐवजी आपला राखीव भुंगा धावेल. माझ्यासमोर बसून केळं सोलत होते. सोलता सोलताच म्हणाले, “वळणावर तू आता पूर्वीसारखा निघत नाहीस. पोरगा निघतो. वाईट वाटून घेऊ नकोस.”

“छे छे,” मी म्हटलं, “घरचंच पोर आहे!”

सगळे हसले, मीही हसलो. तू तिथे असतीस तर माझं ते हसणं बघून मला बाजूला घेतलं असतंस. तिथे कुणाच्या लक्षातही आलं नाही. भुंग्याच्या तर नाहीच. तो उठून माझ्या गळ्यात पडला आणि रडला. सगळ्यांदेखत. मग मलाच त्याची समजूत घालावी लागली. बघ, नाव कापलं गेलं माझं आणि पाठ थोपटतोय मी.

पदक मिळालं तर मलाही मिळणार आहे. पहिल्या फेरीत धावलेल्याला देतात, असा नियम आहे. फक्त चौथऱ्यावर उभं राहता येत नाही. नंतर कुणीतरी पिशवीतून आणून हातात ठेवतं. लंबू मला म्हणाला, “पदक ते पदकच ना!” ज्याला चौथऱ्यावर चढायचंय त्याला असं बोलायला काय जातं?

ताई, माझ्या पोटात दुखतंय. दुसरा शब्द शोधत बसलो होतो, पण हाच खरा आहे. त्याला धावायला मी शिकवलं. वळणावर आतला खांदा कसा खाली ठेवायचा, हे मी त्याला आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर दाखवलं, लोक हसत होते तरी. आणि आता तो ते माझ्यापेक्षा चांगलं करतो. परका असता तर मोकळेपणाने शिव्या तरी घातल्या असत्या. हा पडला तुझा मुलगा. तो जन्मायच्या आधी तू गणवेशांच्या उरल्यासुरल्या कापडातून माझ्यासाठी धावायचे कपडे शिवायचीस. मग त्याची झबली सुरू झाली आणि मशीनवर माझा नंबर पुन्हा लागलाच नाही. हसू नकोस. मला ते तेव्हाही लागलं होतं.

एक गोष्ट मात्र लिहू की नको, असं मघापासून चाललंय.

बॅटन घेणारा मागे बघत नाही. त्याने ट्रॅकवर आपल्या मागे एक चिकटपट्टी लावलेली असते. येणारा त्या पट्टीवर पोचला की हा पुढे तोंड करून सुटतो, आणि येणाऱ्याने “घे!” असं ओरडलं की न बघता हात मागे करतो. सगळा कारभार विश्वासावर. पण लंबूची एक खोड आहे. शर्यत मोठी असली की तो पट्टीच्या आधीच सुटतो. सरावात कधीच नाही, म्हणून सरांना ते माहीत नाही. मला माहीत आहे, कारण त्याच्या पाठीमागे धावून धावून माझे पाय झिजलेत. तो असा सुटला की “घे” जरा उशिरा म्हणायचं, आणि तोवर जीव खाऊन पळायचं. नेहमीच्या ठिकाणी ओरडलं तर हात मागे येतो खरा, पण आपण पोचलेलो नसतो, आणि सगळंच हातचं जातं.

आज दुपारी भुंग्याने विचारलं, “मामा, लंबूदादाचं काही सांगायचं राहिलंय का?”

मी म्हटलं, “काही नाही. तो सरळ आहे.”

तुला हे पत्र मिळेल तेव्हा शर्यत होऊन गेलेली असेल. म्हणूनच लिहायचं धाडस होतंय.

तुझा धाकटा


२१ ऑगस्ट, सकाळ

ताई,

नमस्कार. शर्यत तू पाहिली आहेस, तेव्हा खुशाली लिहीत नाही. आधीचं पत्रही काकांनी दिलं असेल. ते वाचून तू मनात जे ठरवलं असशील ते तसं घडलेलं नाही, आणि जे घडलं ते त्याहून बरं आहे की वाईट हे मला कळत नाही. म्हणून आधी नीट वाच.

मी त्याला सांगितलं.

शर्यतीच्या आधी सरावाच्या मैदानावर तो दिसेना म्हणून शोधत गेलो तर न्हाणीघरात, बेसिनवर वाकून ओकत होता. मी त्याचं कपाळ धरलं. लहानपणी तापात धरायचो तसंच, डोकंही तेवढंच गरम. नळ सोडला, तोंड धुवायला लावलं आणि म्हटलं, “ऐक. लंबू लवकर सुटतो. मोठ्या शर्यतीत पट्टीची वाट बघत नाही. तू 'घे' उशिरा म्हण. घाबरू नकोस, पळत राहा, तो सापडेल.”

त्याने विचारलं, “नक्की?”

मी म्हटलं, “माझा जन्म गेलाय त्याच्या मागे.”

त्याचा चेहरा एकदम खुलला. मला मिठी मारून गेला. मी गॅलरीत जाऊन बसलो आणि कित्येक तासांनी पहिल्यांदा माझा मलाच राग येत नव्हता.

पुढचं तू पाहिलंस. पण टीव्हीवर दिसतं तसं नव्हतं ते. भुंग्याने ते वळण असं घेतलं ताई, की माझ्या शेजारचे परक्या देशाचे लोक उठून उभे राहिले. मी आयुष्यात तसं धावलो नाही. आपण दुसरे होतो. आणि समोर लंबू उभाच! पट्टी जवळ आली तरी उभा! अगदी नियमाप्रमाणे, सरावात करतो तसं, पोरगा पट्टीवर पोचल्यावर सुटला. भुंगा माझं ऐकून तोंड मिटून पळतोय, आवाज देतच नाही, आणि बघता बघता त्याच्या टाचांवर जाऊन आदळला. बॅटन लंबूच्या कोपराला लागलं. त्याने वळून ते हिसकावून घेतलं तोवर बाकीचे निघून गेले होते. पाचवे आलो.

परतल्यावर खोल्यांकडे जाताना जिन्यात मी लंबूला गाठलं. म्हटलं, “तू आधी का नाही सुटलास? मोठ्या शर्यतीत तू कायम आधी सुटतोस.”

तो म्हणाला, “तुझ्यासाठी सुटायचो. तू काहीही करून पोचतोस हे मला माहीत होतं. पोराचं काय माहीत होतं मला? म्हणून थांबलो.”

म्हणजे ती खोड नव्हतीच. इतकी वर्षं मी जी त्याची घाई समजत होतो, तो माझ्यावरचा भरवसा होता. आणि तो मी वस्तू द्यावी तसा भुंग्याच्या हातात दिला.

सरांनी भुंग्याला विचारलं, आवाज का नाही दिलास? मी दारातच उभा होतो. मला वाटलं, आता तो माझं नाव घेणार. घ्यायलाच हवं होतं. तो म्हणाला, “घाबरलो सर. विसरलो. माझंच चुकलं.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे सरांचं लक्ष माझ्याकडे जायला नको. नंतर खोलीत मला म्हणाला, “मामा, आईला सांगू नकोस तू काय सांगितलं होतंस ते. ती उगीच तुझ्यावर चिडेल.”

यातही तो माझ्या पुढे गेला. आणि तुला पटणार नाही, पण मला याचाही हेवा वाटला. त्याच्या जागी मी असतो तर मामाचं नाव सगळ्यात आधी सांगितलं असतं.

आता जे सांगायचं टाळतोय ते. बॅटन कोपराला लागलं ना, त्या क्षणी सगळ्या गॅलरीने 'अरेरे' म्हटलं. मी नाही म्हटलं. मला बरं वाटलं. लंबूने जिन्यात काही सांगायच्या आधी, कुणाचं काय चुकलं हे कळायच्या आधी. तुझं पोर हरलं आणि मला बरं वाटलं. एक श्वास घेण्यापुरतंच, पण अंगभर. आणि लंबूचं बोलणं ऐकून जिन्यात पुन्हा एकदा वाटलं. आत खोलीत भुंगा उशीत तोंड खुपसून रडत होता, आणि मी बाहेर उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, माझ्यासाठी सुटायचा, याच्यासाठी नाही सुटला.

न्हाणीघरात मी चांगल्या मनानेच सांगितलं होतं. शपथेवर सांगतो. पण त्या एका श्वासानंतर माझी शपथ मलाच खरी वाटत नाही. लंबू नवख्या पोरासाठी थांबेल, हे मला सुचायला काय हरकत होती? एरवी मला सगळं सुचतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, तेवढा शहाणा आहे मी. पण सरांनी आज सकाळी मला बोलावलं. म्हणाले, पोरगा दडपणाखाली विसरतो, त्याला पुढच्या वर्षी संघात घेणार नाही. त्याला आजच्या विमानाने घरी पाठवतोय. तू अजून एक वर्ष काढ. तिसरा टप्पा तुझा.

मी “बरं” म्हणालो.

मग बाहेर आलो, परत गेलो, त्यांच्या दारावर टकटक केली. त्यांनी दार उघडलं. मी विचारलं, “बस किती वाजता आहे?” आणि आलो परत. पुन्हा एकदा गेलो, तेव्हा दारावर हातही उचलला नाही. मला सांगता येत नाहीये, ताई. तिसरा टप्पा माझा, हे वाक्य ऐकल्यापासून माझे गुडघेसुद्धा दुखायचे थांबलेत.

हे पत्र भुंग्याच्याच बॅगेत घालतोय. पाकीट चिकटवलंय. तो उघडणार नाही, तुझा मुलगा आहे. मी असतो तर उघडलं असतं. तो घरी आल्यावर जेवेल, मग तुझ्यापासून लांब जाऊन झोपायचं सोंग करेल. त्याला काही विचारू नकोस. सरांचा नंबर भाऊजींकडे आहे. तू त्यांना फोन कर आणि सांग की पोरगा विसरला नव्हता, त्याला तसं करायला मामाने सांगितलं होतं. हे पत्र वाचूनच दाखव त्यांना, सगळं, तो श्वाससुद्धा. मग ते मला विचारतील. तू सांगून झाल्यावर नाही म्हणायची माझी हिंमत नाही.

मी त्याला आज बसपर्यंत सोडायला जाईन. त्याची बॅग उचलेन. त्यात काय आहे हे त्याला कळणार नाही, आणि दार बंद होईपर्यंत मला ते काढून घ्यावंसं वाटत राहील. तुझ्यापर्यंत पोचलं असेल तर मी काढून घेतलं नाही, एवढं लक्षात ठेव. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

तो जन्मल्यापासून मला एकाच गोष्टीची भीती होती, की आम्हा दोघांतून तुला एकाला निवडावं लागलं तर काय होईल. निवड, ताई. उत्तर मला माहीत आहे, आणि या वेळी ते बरोबर आहे. उशीर मात्र करू नकोस. परवा मी घरी आलो की तुझ्यासमोर बसून हे सगळं गोड बोलून फिरवेन, आणि तू माझं ऐकशील.

भुंग्याचा मामा