मावशीचा ब्लॉग आणि पाण्याची मोटार

औरंगपुरा, औरंगाबाद
१२ एप्रिल २०१६

चि. विश्वजित यास भानुमावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हां हां करतोस, म्हणून पत्रच लिहिते. आधीच्या फुकट साइटनं दुकान बंद केलं आणि माझं लिखाण बुडालं. तेव्हा तू दिवाळीत आमच्या घरातच जुना कॉम्प्युटर बसवलास, आता ब्लॉग त्यावरूनच चालेल, कुणाच्या मेहरबानीवर नाही म्हणालास. मी केवढी हरखले होते! आणि आता? गुलमंडीतून माझ्या मैत्रिणीनं, अश्लेषानं उघडला तर बंद, शेजारच्या मनकर्णाबाईंनी उघडला तर बंद. काय डोंबलाचा ब्लॉग! तुझे काका विचारतात, वाचणारं आहे कोण. त्यांनी जन्मात माझी ओळ वाचली नाही, ते सोड; दुसऱ्यांना तरी वाचू दे! बेजार झालेय मी. काय ते कळव.

माया आहे तेवढीच आहे, राग मात्र वाढलाय.

तुझी भानुमावशी

पुणे
१९ एप्रिल

ती. सौ. मावशीस सा. न. वि. वि.

मी इथून तपासलं. कॉम्प्युटर ठणठणीत आहे. कुणीतरी अधूनमधून सरळ वायर उपसतंय. असंच चाललं तर डिस्क जाईल आणि तुझ्या अजिंठ्याच्या आठवणी पुन्हा बुडतील. ब्लॉगसाठी बाहेरच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर भाड्यानं जागा घेऊ म्हटलं तर तू ऐकत नाहीस. आधी उपसणारा शोध. काकांना नमस्कार.

रागासकट लोभ असू दे.

तुझा विश्वजित

औरंगपुरा
३ मे

चि. विश्वजित यास आशीर्वाद.

उपसणारे तुझे काकाच! नळाला पाच-पाच दिवस पाणी नाही. आलं रे आलं की हे धावतात, कॉम्प्युटरची वायर काढून मोटारीची खोचतात. मोटारीचा जाड प्लग तिथंच बसतो. वायरमन बोअरच्या कामात गुंतलाय, महिनाभर नुसतं येतो म्हणतोय. मी भांडले, तर म्हणाले, ब्लॉगनं तहान भागते का. मी बोलणंच टाकलं.

काल पाणी आलं. टाकी कोरडी, म्हणून मीच वायर काढायला पळाले. बघते तर हे आडवे उभे, मोबाइल नाकाशी! पुढचं पान उघडायचंय, हात लावायचा नाही म्हणाले. अजिंठ्याच्या शाळेत बदलीवर मी एकटी राहायचे, ते वाचत होते. तिथं मी रोज रडायचे, हे त्यांना कधी का बोलले नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही शनिवारी एसटीनं यायचात, रविवारी परत. त्यात रडायचं कधी? त्यांनी पुढचं पान उघडलं आणि वाचत राहिले. मला तर रडूच आलं. तेवढ्यात पाणी गेलं.

आता घरात आंघोळीचे वांधे आहेत. पाणी का भरलं नाही, असं मनकर्णाबाईंनी विचारलं. सांगितलं, आमचे हे वाचत होते.

असाच जीव लावत जा.

तुझी भानुमावशी