चिमणीचं ‘छान’

प्रिय ताई,

पत्र बघून चक्रावशील. रविवारीच तर बोललो फोनवर, मग हे काय? सांगते. आधी एवढं ऐक, माझी चिमणी हॉस्पिटलात आहे.

तिने तुला फोनवर पहिल्यांदा ‘छान’ म्हटलं तेव्हा तू रडली होतीस. आठ वर्षांची पोर, तोवर तोंडातून शब्द नाही! स्वमग्न मुलांच्या त्या सेंटरमधल्या बाईंनी घोटून घेतलं होतं तिच्याकडून. ‘कशी आहेस?’ विचारायचं, ‘छान’ आलं की साबणाचे फुगे उडवायचे. किती वाट बघून मिळाली होती ती जागा, आम्ही तर हवेतच. लिफ्टमनपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना विचारायला लावलं. पोपट केला गं पोरीचा.

मध्यंतरी ती टेबलाच्या कडेवर पोट आपटायला लागली. शाळेने कळवलं, वर्तन बिघडलंय, घरी लाड कमी करा. लाड म्हणे! मनगट चावून रक्त काढलं तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हसून विचारलं, कशी आहेस. छान. मी म्हटलं, अहो, ती सगळ्यालाच तसं म्हणते, पोट बघा. हात लावताच किंचाळली. अशा मुलांचं असंच असतं म्हणाले आणि शांत ठेवायचं औषध वाढवून दिलं. झाली शांत. आत अपेंडिक्स फुटलं, पू पोटभर पसरला आणि ती गुंगीत पडून राहिली. स्ट्रेचरवर नर्सने विचारलं, कशी आहेस गं बाळा? ताप फणफणलेला, ओठ पांढरेफटक, आणि म्हणाली, छान. मग वर बघत राहिली, फुगे कुठे आहेत म्हणून.

ऑपरेशन झालं, पण ताप उतरत नाही. आत पुन्हा काहीतरी साचतंय, स्कॅनमध्ये नीट दिसत नाही. सर्जन म्हणतात, नेमकं कुठे दुखतंय ते कळायला हवं, आणि लवकर कळायला हवं. माझा हात ती झिडकारते. इंजेक्शनं देताना मीच दाबून धरलं होतं ना तिला. दाढ दुखत होती तेव्हा तिने तुझा हात ओढून गालावर ठेवला होता, आठवतं? तुझाच. दुसऱ्या कोणाचा कधी घेतला नाही.

रविवारी तू मला विचारलंस, कशी आहेस. चिमणी तेव्हा आयसीयूत होती, मी बाहेर बाकावर, आणि तोंडातून निघूनच गेलं, छान. फोन केला तर पुन्हा तेच निघेल, म्हणून हे लिहून ह्यांच्या हाती देतेय. त्यांना काही विचारत बसू नकोस, तेही तेच म्हणतील. गाडी खाली उभी आहे. चपला घाल आणि ये. मी छान नाहीये गं, ताई.

तुझीच,
धाकटी