मोटारीच्या तोंडावरचं तोरण

आबा, आज नातवाची जीप खोडाळ्याच्या बाजारात तापली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. पुढे बैलगाड्या, माणसं, कोंबड्यांच्या टोपल्या, त्यामागे जीप नुसती रांगत होती. वाफ दिसताच नातू झाकण उघडायला धावला आणि मी त्याचा हात धरला. म्हटलं, आधी निवू दे, मग पाण्याचं बघ. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. म्हातारीला मोटारीतलं काय कळतं, असं त्याला वाटलं असणार. तुम्हालाही तसंच वाटत होतं.

जव्हारला मालकांची मोटार तुम्ही चालवायचात. हे, म्हणजे तुमचे जावई, तुमच्या हाताखाली ती पुसायचे, तिच्यात पाणी भरायचे. मला अक्षरं तुम्ही मोटारीच्या शेडच्या भिंतीवर कोळशानं शिकवलीत, पण मोटारीचं काही शिकवलं नाहीत. मी आपली भाकरी घेऊन यायची आणि उगाच रेंगाळायची, त्यामुळे तुमचं बोलणं कानावर पडत राहायचं. मोटार पळते तेव्हा वारा आपसूक जाळीत शिरतो आणि पाणी थंड ठेवतो. पालखीमागे ती पायी चालल्यासारखी चालते, तेव्हा सगळी मदार पंख्यावर. म्हणून दसऱ्याआधी तुम्ही पंख्याचा चामडी पट्टा अंगठ्यानं दाबून पाहायचात आणि ह्यांना बजावायचात, "फुला मागं लावा, बाजूला लावा. पुढल्या जाळीला काय लावायचा नाय."

ह्यांनी ते मला सांगितलं होतं. तरीही एका दसऱ्याला मी झेंडूचं आणि नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण विणलं. आपण दाराला बांधतो, नांगराला बांधतो, तर मोटारीचं तोंड तेवढं उघडं का ठेवायचं? दाराचं तोरण जितकं दाट तितकं चांगलं, म्हणून हेही दाट विणलं, बोट शिरणार नाही इतकं. सकाळी हे विहिरीवर गेले असताना मी ते जाळीवर ताणून बांधलं. ह्यांनी परत आल्यावर पाहिलं, पण सणाच्या दिवशी देवाची फुलं काढायचा धीर त्यांना झाला नाही. तुम्ही घाईत शेडच्या मागच्या दारानं आलात, पुढून न बघताच चढलात आणि निघालात. मला फक्त लोकांनी बघावं एवढंच हवं होतं. माझ्या बापाची मोटार म्हणून.

मिरवणूक बाजारात येते. पुढे तारपा वाजतोय, नाचणारे दोन पावलं पुढे, एक मागे, आणि तुमची मोटार त्यांच्या मागे. पिंपळापाशी तिच्या तोंडातून वाफ येते. लोक हसतात. मी घागर घेऊन धावत येते आणि तुम्ही हात आडवा धरता. "थांब गं. तापल्या लोखंडावर थंड पानी नको, तडकंल ता." मग तुम्ही बॉनेट उघडून हाताची मागची बाजू जाळीच्या वरच्या अंगाला लावता, मग खालच्या अंगाला, आणि चटका बसून मागे घेता. स्वतःशीच म्हणता, "वरती गरम, खालतीपन गरम. पानी फिरतं हाय. वारा नाय भेटत." पट्टा अंगठ्यानं दाबता. तो घट्टच असतो. मग तुम्ही वाकून पुढून बघता. तोरण बघता, आणि मग माझ्याकडे.

 निर्माल्य काढावं तसं ते तोरण हळूच सोडवलंत आणि उपरण्यात बांधून सीटखाली ठेवलंत. तेवढ्यात गर्दीतून मालकांचे दिवाणजी येताना दिसले. गेल्याच महिन्यात त्यांनी ह्यांना बजावलं होतं, आणखी एक चूक झाली तर बायकोला घेऊन जव्हार सोडायचं. मोटार सजवायचं काम ह्यांचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही पाना उचललात आणि पंख्याचा नट दोन आटे सैल केलात. पट्टा लोंबला. दिवाणजी जवळ आले, तेव्हा तुम्ही तो लोंबणारा पट्टा बोटानं हलवून दाखवलात. "माझी चुकी, साहेब. पट्टा ढिला ऱ्हायला. जावयाचा काय नाय त्यात." त्यांच्यादेखत पट्टा पुन्हा आवळलात, मोटार निवल्यावर पाणी थोडं थोडं करून घातलंत. मोटार पुढे शेवटपर्यंत तापली नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्या हातातलं चाक गेलं आणि ह्यांच्या हातात आलं. तुम्ही खोडाळ्याला नागलीच्या शेतावर परतलात. लांबून मोटारीचा आवाज आला की खुरपणी सोडून उभे राहायचात, असं आई सांगायची. मला ते ऐकवत नसे. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. ह्यांनी त्यानंतर बावीस वर्षं मोटार चालवली, त्यावर माझा संसार झाला, पोरं शिकली. नव्या माणसाला शिकवताना हे म्हणायचे, आधी पट्टा बघ, आमच्या सासऱ्यांच्या हयगयीनं भर दसऱ्यात गाडी उभी राहिली होती. मी चहा ठेवायची आणि गप्प बसायची. पहिल्यांदा भीतीनं गप्प बसले, पुढे लाजेनं. मग त्या गप्प बसण्याची सवयच झाली. हे तसंच समजून गेले.

नातवाच्या जीपची जाळी आज मी हाताच्या मागच्या बाजूनं वर आणि खाली चाचपून पाहिली. दोन्हीकडे गरम. बघते तर जाळीवर शेण, पेंढा, चिखल थापलेला. काडीनं सगळं उकरून काढलं आणि गाडी चालू झाली. नातवानं विचारलं, आजी, हे कोणी शिकवलं? मी तुमचं नाव घेतलं. तो म्हणाला, ते पट्टा ढिला ठेवणारे पणजोबा? मी हो म्हटलं, आबा. आजसुद्धा हो म्हटलं.

त्या संध्याकाळी उपरणं माझ्या हातात देताना तुम्ही विचारलंत, "तू काय पाह्यलास नाय ना?" मी म्हटलं, नाय. तुम्हाला बरं वाटलं, चेहऱ्यावरून कळलं. पोरीला काही कळलं नाही, असं समजूनच तुम्ही गेलात, म्हणून माझे आभारही तुमच्यापर्यंत कधी पोचले नाहीत. हा कागद त्याच उपरण्यात ठेवणार आहे. मी पाहिलं होतं, आबा. पट्टा घट्ट होता.