माझ्या देहावर मंडळीने प्रार्थना करू नये

मी, मैना वसंत पिलणकर, वय ६७, धर्माने ख्रिस्ती, राहणार भाट्ये, रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी उरलेलंही नाही.

१. भाट्ये येथील चिऱ्याचं राहतं घर, सभोवारची जमीन आणि त्यातले माड माझ्या एकटीच्या नावावर आहेत. माझे यजमान कै. वसंत बोटीवर नोकरीला होते. त्यांनी हे घर मुद्दाम माझ्यासाठी बांधलं, कारण सासरी मला जागा राहिली नव्हती. त्याचं कारण लिहून ठेवते.

आमची मुलगी शमिका सातव्या महिन्यात जन्मली. ती इस्पितळात काचेच्या पेटीत होती तेव्हा यजमान समुद्रावर होते आणि सासरचं कोणी फिरकलं नाही. तिथल्या एका ख्रिस्ती नर्सबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी म्हटलं, "मला मंत्र येत नाहीत." त्या म्हणाल्या, "मंत्र नकोत. बापाशी बोलतेस तसं बोल." मी बोलले. पोर जगली. पुढे मी बाप्तिस्मा घेतला. यजमानांनी अडवलं नाही. थोरले दीर हरिश्चंद्र यांनी मात्र दारातच सांगितलं, "गणपतीच्या घरात हे चालायचं नाही."

गेल्या वर्षी तेच दीर इथे आले. म्हणाले, "मैना, झालं गेलं विसर. शुद्धी करून घे, म्हणजे घर पुन्हा आपल्यात येईल." घर परत येईल म्हणाले, मी परत येईन असं म्हणाले नाहीत. सबब, त्यांना व त्यांच्या वारसांना या मिळकतीत कोणताही हक्क राहणार नाही.

२. आमच्या चर्चच्या मंडळीच्या सहा खुर्च्या माझ्या पडवीत आहेत. इथे प्रार्थनासभा भरत तेव्हाच्या. त्या त्यांनी घेऊन जाव्यात. याव्यतिरिक्त मंडळीला माझ्याकडून काही नाही.

शमिकाला कॅन्सर झाला तेव्हा मंडळीने तिच्यासाठी उपास-प्रार्थना धरली. ती गेली. पुढच्याच रविवारी पाळक उपासनेत म्हणाले, "देव ऐकतोच. आईचा विश्वास कमी पडला." सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी उठून विचारलं, "पाळकसाहेब, तुम्हीही मागत होतात ना? तुमचा किती कमी पडला?"

माफी मागेपर्यंत मंडळीच्या यादीतून माझं नाव कमी केल्याचं चर्चच्या पंचांनी कळवलं. मी मागितली नाही. त्यानंतर या घराची पायरी मंडळीतलं कोणी चढलं नाही. चढले ते या पावसाळ्यात, मी आजारी असल्याचं ऐकून. पाळक म्हणाले, "घर प्रार्थनागृहासाठी लिहून द्या. नाव परत घेऊ, आणि शमिकाच्या कबरीशेजारची जागा तुमच्यासाठी राखू." माझ्या लेकीशेजारची माती त्यांनी मला अशी दाखवली. मी त्यांना चहा दिला आणि दार उघडून धरलं.

३. वर लिहिलेली सर्व मिळकत माझी नणंद मालन हिला द्यावी. ती हिंदू आहे, दर संकष्टीला हेदवीच्या गणपतीला जाते आणि तिने माझ्यासाठी काही सोडावं अशी माझी इच्छा नाही. शमिका गेल्यावर भावाचा राग पत्करून ती एकटी आली. मी प्रार्थनेला बसले तर शेजारी येऊन टेकली. म्हणाली, "वयनी, तुज्या देवाशी काय बोलायचा ता माला येत नाय. पन मी बसतंय." दोन्ही बाजूंच्या धार्मिक माणसांत एवढं कोणाला जमलं नाही.

४. मी प्रार्थना सोडली अशी अफवा मंडळीत आहे. ती खोटी आहे. मी रोज बोलते. स्तुती करत नाही, मागतही नाही. शमिकाला का नेलंस, एवढंच विचारते, कधी आवाज चढवून विचारते. तो उत्तर देत नाही. पण उठून जातही नाही. तो इथेच बसलेला असतो, हे मला त्या काचेच्या पेटीबाहेर कळलं तसंच आजही कळतं. माझा राग त्याच्यावरही आहे, आणि तो त्याला ठाऊक आहे. यात कोणी पाळकाने मध्यस्थी करू नये.

५. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तसा अर्ज भरला आहे, मालनची संमती आहे. लेकीशेजारी निजायची इच्छा होती. ती घराच्या बदल्यात मिळत होती, म्हणून सोडली. देह नेताना मंडळीने गाणं म्हणू नये, प्रार्थना करू नये. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील यावर माझा विश्वास आहे, आणि तो कमी पडलेला नाही. विद्यार्थ्यांनी माझे तुकडे कुठे कुठे ठेवले ते प्रभूने शोधावं. तेवढे कष्ट त्याने माझ्यासाठी घ्यावेत.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून खालील साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) मैना वसंत पिलणकर

साक्षीदार:
१. अक्षया अनिल सुर्वे, शेजारी, भाट्ये
२. गौरव धोंडू मयेकर, रत्नागिरी

स्थळ: रत्नागिरी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४